एकोणचाळीस किलोंची सिस्टर

गोदासिस्टरने पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं.

इस्लामपूरच्या एका लहानशा दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, त्या दिवसाची गोष्ट. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. मी सांगलीची शहरी मुलगी, अंगात नवा कोरा पांढरा कोट आणि मनात एकच धास्ती, की इथल्या पेशंटांचं बोलणं आपल्याला कळेल का. दारातच एक काटकुळी म्हातारी उभी होती. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी झोळी आणि डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला तोंड करून बांधलेलं, पुरुषी मोठं घड्याळ.

"कुणीकडची गं?"

"सांगलीची."

"वजन किती?"

मला सांगता येईना. तिने माझा दंड धरला आणि मला ओढत काट्यावर नेऊन उभं केलं. काटा सत्तेचाळीसवर थांबला, तशी ती टाळी वाजवून ओरडली, "सत्तेचाळीस! बसलीस की गं नियमात! चल, आडवी हो."

पंचेचाळीसच्या खाली वजन असेल तर रक्त देता येत नाही, हा नियम मला पुस्तकातून ठाऊक होता. आपल्यालाच तो असा लागू होईल हे ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात माझी बाटली भरली. मग तिने मला साखरेचा चहा पाजला आणि चहा पिऊन झाल्यावर नाव विचारलं. ते तिने कधी वापरलं नाही म्हणा. शेवटपर्यंत तिच्या लेखी मी "ए सांगलीकर" होते.

तिचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. अठराव्या वर्षी विधवा झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात पुण्याच्या लष्करी इस्पितळात नर्सिंग शिकली. पुढे सगळा जन्म सरकारी दवाखान्यांत काढून निवृत्त झाली होती. आमच्या दवाखान्यात ती पगारी नव्हती, पण तिथली खरी मालकीण तीच. डॉक्टरसुद्धा तिला घाबरून असत. ती वेळ सांगायची तीसुद्धा लष्करी. "सोळा तीसला या," म्हटल्यावर एक आजोबा बिचारे सोळा तारखेपर्यंत थांबायला निघाले होते.

तिचा हट्ट एकच होता. तालुक्यातली एकही बाळंतीण रक्तावाचून मरता कामा नये. बाकी जगात काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. झोळीत एक जाडजूड वही असायची. त्यात गावोगावच्या धडधाकट माणसांची नावं, रक्तगट, आणि निरोप कुठे द्यायचा ते लिहिलेलं. फोन तेव्हा गावात एखाददुसरा. म्हणून वहीत असं असायचं: 'संपत, बी पॉझिटिव्ह, डेअरीत फोन करून हाक मारायला सांगणे. बोलतो जास्त, सुईला भितो, तरी येतो.' ही तिची रक्तपेढी. "कपाटातलं रक्त म्हयन्यात नासतं," ती म्हणायची, "अंगातलं न्हाई नासत."

आणि गंमत म्हणजे तिने स्वतः आयुष्यात एकदाही रक्त दिलं नव्हतं. देताच आलं नव्हतं. वजन एकोणचाळीस किलो! प्रत्येक शिबिरात सगळ्यांच्या आधी ती स्वतः काट्यावर चढायची, खाली वाकून बघायची आणि काट्याला शिवी हासडून उतरायची. केळी खाऊन पाहिली, तूप पिऊन पाहिलं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, आता वयही बसत नाही नियमात." तर म्हणाली, "वयाचं मग बगू. आदी वजन तर होऊ दे."

तिची आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की तिचं युद्धाशी नातं लावून टाकायचं. "ह्ये बी लढाईनं आणलं," असं सुरू झालं की समजावं, आता अर्धा तास गेला. रेशनचं कार्ड लढाईनं आणलं. जीप लढाईनं आणली. पेनिसिलिन लढाईत पिकलं. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ चढलं ते पहिल्या लढाईत, खंदकात, कारण बंदूक धरायची का खिशात हात घालून घड्याळ काढायचं? तिचं स्वतःचं घड्याळ पुण्याच्या एका लष्करी डॉक्टरने तिला सलाइनचे थेंब मोजायला दिलेलं होतं. पन्नास वर्षं ती रोज सकाळी त्याला चावी देत होती.

साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत चावडीपाशी एक संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके लोक पहिल्या महायुद्धावर गेले, पैकी इतके परत आले नाहीत. गावात गेलं की सिस्टर आधी त्या पाटीपाशी जायची, पदराने ती पुसायची आणि मोठ्याने वाचायची. मग म्हणायची, "लढाईनं काय नेलं ते दगडावर लिवलंय. काय ठिवलं ते कुणी लिवलं न्हाई. रक्त बाटलीत धरायची विद्या ठिवली. ती तरी घ्या."

अशाच एका गावची हकिकत सांगते. पाटणच्या डोंगरात, जवळजवळ घरटी एक फौजी असलेलं गाव. तिथे आमचं रक्तदान शिबिर ठरलं. ग्रामसेवकाने आदल्या संध्याकाळी दवंडी दिली की उद्या शाळेत डॉक्टर येणार, तरी अठरा वर्षांवरच्या धडधाकट पोरांनी वजन करून घ्यायला हजर राहावं. रक्त हा शब्द तेवढा सांगायचा राहिला.

सकाळी आम्ही पोचलो. आमच्या डॉक्टरांची जीप जुनी, महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली, अजून हिरवीच होती. जीप वळणावर आली आणि मी पाहतच राहिले! शाळेच्या मैदानावर शंभराच्या वर पोरं, चड्डी-बनियनवर, रांगेत उभी. काहीजण पहाटेपासून रस्त्याने धावून घामाघूम झालेले. एकजण छाती फुगवून दम धरून उभा. सगळीकडे केळ्यांच्या साली पडलेल्या, कारण वजन भरावं म्हणून पोरांनी डझन-डझन केळी हाणली होती. हिरवी जीप, वजनकाटा आणि खाकी झोळी पाहून गावाची खात्रीच पटली. सैन्यभरती!

मला घाम फुटला. गोदासिस्टरला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. टुणकन उडी मारून ती उतरली आणि ओरडली, "फॉल इन!" रांग खाडकन सरळ झाली. काट्यावर तिचं एकोणचाळीस उरकून तिने एकेकाला चढवायला सुरुवात केली. "बासष्ट! शाब्बास. अडुसष्ट! आयला, काय खातोस रं?" मी बोटांना सुया टोचून रक्तगट बघत होते. तिसाव्या-पस्तिसाव्या पोराने विचारलं, "मॅडम, छाती कवा मोजणार?"

"छाती कशाला? रक्त द्यायचंय."

ही बातमी रांगेतून जी सरकत गेली! मागची पोरं आधी पांगली, मग मधली. दहा मिनिटांत मैदानावर केळ्यांच्या साली आणि आम्ही. पारावर बसलेले एक पेन्शनर सुभेदार मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाई, ह्या गावानं दोन-दोन लढायांत रक्त सांडलंय. आमाला नका शिकवू."

सिस्टर पाराकडे वळली. तो सगळा एकोणचाळीस किलोंचा देह कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"सांडलंय, व्हय. सांडायला कवाबी तयार. सांडलेलं कुणाच्या कामी आलं, सुबेदार? मातीनं पिलं. मी दे म्हंते, तर पळत्यात. सांडायला शूर आन द्यायला भित्री, आसली कसली ही जात?"

 सुभेदार उठले. मला वाटलं, आता आम्हाला गावाबाहेर काढतात. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि काट्याकडे चालू लागले! वयामुळे त्यांचं रक्त घेता आलं नाही, पण ते काट्यापाशी खुर्ची टाकून बसले आणि गल्लीकडे तोंड करून पोरांना नावानिशी हाका मारू लागले. त्या दिवशी अकरा बाटल्या मिळाल्या.

त्यात एक बाटली मात्र हुकली. महिपती नावाचा थोराड पोरगा. मूळ त्या गावचा, पण पलूसच्या तालमीत कुस्ती शिकायला राहिलेला. त्याचा गट ओ निगेटिव्ह निघाला. मी ते सांगताच सिस्टर अक्षरशः नाचली. हा गट दुर्मीळ, आणि अडल्या वेळी कुणालाही चालणारा. पण महिपती हात मागे घेऊन म्हणाला, "वस्ताद जीव घेतील. ताकद जाती म्हंत्यात." तिने जबरदस्ती केली नाही. वहीत लिहिलं: 'महिपती. पलूसची तालीम. वस्तादला भितो. देईल.'

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तिला विचारलं, सिस्टर, तुम्हाला हे वेड लागलं कुठून? तिने मनगट वळवलं. मग घड्याळाकडे बघत म्हणाली, "पुण्याला ब्रह्मदेशाच्या लढाईतनं आलेलं सोल्जर आसायचं. पांढरंफटक. बाटली लावायची, थेंब मोजायचं. तासाभरात व्हटावर रंग यायचा गं. मला तर जादूच वाटायची. मी अक्काला पत्रात लिवलं, इतं मेलेली मानसं उठत्यात. अक्का म्हंजी माजी थोरली भैन. तिचं पत्र आलं न्हाई, तिच्या दीराचं आलं. बाळंतपणात गेली. रात्रभर रक्त जात व्हतं आन घरची कंदील धरून बसली व्हती. कंदील! मी तारीख बगितली. त्याच दिवशी मी एका गोऱ्याला दुसरी बाटली लावली व्हती." पुढे म्हणाली, "लढनाऱ्याला बाटली आन बाळंतिनीला कंदील. तवाच ठरवलं, ही बाटली गावाकडं न्यायची." मला रडू आलं. तिने झोळीतून कापसाचा बोळा काढून दिला आणि वर दम भरला, "जपून वापर. कापूस बी लढाईत मिळत न्हवता."

आता तो दिवस. 

चैत्र होता. दुपारी शालन नावाची एक बाई बाळंतपणात अडून आमच्याकडे आली. डॉक्टरांनी मूल काढलं. मुलगी झाली, ठणठणीत रडली. पण शालनचं रक्त थांबेना. थांबवलं तोवर ती कागदासारखी पांढरी पडली होती. मी गट बघितला. ओ निगेटिव्ह. तिला दुसरं कुठलंच चालणार नव्हतं. सांगलीला फोन केला, नाही. मिरजेला फोन केला, नाही. सिस्टरने वही उघडली. त्या गटाची दोनच नावं. एक जण कामाला मुंबईला गेलेला. दुसरा महिपती. पलूसच्या डेअरीत फोन लावला तर पलीकडचा माणूस ओरडून म्हणाला, "आवं, आज जत्रा हाय! मैपती फडात हाय. एक नंबरची कुस्ती हाय त्याची!"

सिस्टरने उकळून ठेवलेल्या सुया आणि दोन रिकाम्या बाटल्या झोळीत टाकल्या, माझा दंड धरला आणि जीप निघाली. डॉक्टर ओरडून म्हणाले, "दोन तास. त्याच्या पुढचं मी सांगू शकत नाही." तिने घड्याळ बघितलं. पंधरा दहा.

पलूसच्या फडात पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, झाडांवर माणसं चढून बसलेली, आणि त्या हजारोंत बायका आम्ही दोघीच. कुस्तीच्या फडाकडे बाईमाणूस फिरकत नाही, तांबड्या मातीत तर पाऊल टाकतच नाही. सिस्टर गर्दीतून अशी घुसली, की माणसं आपोआप बाजूला होत गेली. मातीच्या कडेला ती थांबली. एक स्वयंसेवक काठी आडवी धरून म्हणाला, "आवं आज्जी, मागं सरा, मागं."

"आत येत न्हाई. माती तुमची, मानूस माजा," ती म्हणाली आणि निवेदकाच्या हातातला माइक तिने चक्क काढून घेतला. हलगी थांबली. "महिपती, मी गोदासिस्टर. तुज्या रक्ताची बाई मराया लागलीया. कालपतूर तुजी कुनी न्हवती. आज तुज्याबिगर तिला कुनी न्हाई."

महिपती लंगोटावर, अंगभर माती लावून, समोरच्या जोडीदाराला सलामी द्यायला निघाला होता. तो जागीच थांबला. त्याचे वस्ताद पुढे आले. आडवा-उभा माणूस, डोक्याला पिवळा फेटा. "बाई, वरीसभर दूध-बदाम घातलाय त्याला, ह्या एका कुस्तीसाठी."

"मग वरीसभराच्या दूध-बदामाचं रक्त हाय. त्येच पायजे."

"कुस्ती झाल्यावर न्या."

"किती टाइम लागंल?"

"निकाली हाय. चीत होईस्तवर चालती, तासबी लागंल."

सिस्टरने मनगट उलटं करून वस्तादांच्या डोळ्यांसमोर धरलं. "पंधरा चाळीस झाल्यात. सतरा धाला बाई संपती. आता दिलं तर आज कुस्ती न्हाई, ह्ये बी मी सांगते. लपवत न्हाई."

 वर्षभराची मेहनत, हजारो माणसांसमोरची कुस्ती, आणि न लढता पोरगा मातीतून बाहेर जाणार! महिपती वस्तादांकडे बघत होता. एवढा मोठा पोरगा, पण डोळे रडवेले. वस्ताद खाली वाकले. त्यांनी चिमूटभर तांबडी माती उचलली आणि कुस्तीला सोडताना लावतात तशी त्याच्या कपाळाला लावली.

"जा," ते म्हणाले. "चीत करून ये."

फड असा काही गरजला, की झाडावरची पाखरं उडाली. आणि एवढ्या कल्लोळात आमच्या सिस्टरचं काय चाललेलं? "माती धू! आदी माती धू! तसल्या अंगात मी सुई घालीन व्हय?" दोन घागरी पाणी ओतून, साबण लावून, स्पिरिटने पुसून तिने त्याला निवेदकाच्या बाकड्यावर आडवा केला. लोक टाचा उंचावून बघत होते. जीवघेणे डाव सहज पाहणारी ती माणसं, बाटलीत रक्त चढताना बघून एकमेकांचे हात धरून उभी राहिली. निवेदकाला राहवेना. माइकवरून तो कुस्तीसारखंच सांगू लागला, "पाव भरली... आर्धी भरली... वा रं पठ्ठ्या!"

महिपतीचा जोडीदार कोल्हापूरकडचा. रिवाजाप्रमाणे कुस्ती त्याची झाली. पंचांनी फेटा पुढे केला तर त्याने हात जोडले. "जोडच न्हाई तर फेटा कसला? बाई, माझं चालतंय का बघा." त्याचा गट बी पॉझिटिव्ह होता, शालनला चालणारा नव्हता. पण सिस्टरने ते नाव वहीत घेतलं. त्याच्या मागे रांग लागली होती. दोघी जीपमध्ये बसलो तेव्हा वही वस्तादांच्या हातात होती आणि ते स्वतः एकेकाचं नाव लिहून घेत होते.

सोळा पन्नासला आम्ही दवाखान्यात होतो. मी रक्त जुळतंय का ते बघत होते आणि सिस्टर मागून म्हणत होती, "घाई करू नगं, सांगलीकर. चूक केलीस तर मीच मारली आसं व्हईल." जुळलं. बाटली लागली. ती खुर्ची ओढून बसली, मनगट वळवलं आणि थेंब मोजू लागली. तासाभरात शालनच्या ओठांवर रंग आला. म्हातारी उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यात भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली.

महिपतीने पुढच्या जत्रेत तीच कुस्ती मारली, हे सांगायला हवं. ताकद गेली म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तेव्हापासून पलूसच्या तालमीत दर वर्षी आमचं शिबिर होऊ लागलं. द्यायला मात्र पुरुषच यायचे. बायका पाणी आणून द्यायच्या, चहा करायच्या आणि दारातून बघायच्या.

तिला मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका शिबिरात. त्या जत्रेला चार-पाच वर्षं झाली होती. सिस्टर थकली होती, खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. घड्याळ मनगटात इतकं सैल झालं होतं, की ते कोपरापर्यंत सरकायचं. दुपारी दारात शालन आली. एका हाताला तिची मुलगी, मागे तणतणत सासू. "बाईमानसानं रगत द्यायचं नसतं," सासू सांगत होती. "आदीच म्हयन्याला जातंय."

"आत्याबाई, माज्यात पैलवानाचं हाय," शालन म्हणाली आणि चपला काढून काट्यावर चढली.

सिस्टर खुर्चीतून कशी उठली मला कळलंच नाही. वाकून तिने काटा वाचला आणि फडात निकाल सांगावा तशी ओरडली, "बावन्न!" शालनचं हिमोग्लोबिन मीच तपासलं. साडेबारा लागतं, बारा पूर्णांक सहा भरलं. सुई सिस्टरने कुणाला लावू दिली नाही. शीर पहिल्या झटक्यात सापडली. मुलगी आईच्या पायाशी उभी राहून, लाल बाटलीकडे टक लावून बघत होती.

बाटली भरली. नियमाप्रमाणे मी चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव नसतं, फक्त गट आणि तारीख. मी बाटली थंड पेटीत ठेवायला हात पुढे केला, तर सिस्टर देईना. दोन्ही हातांनी ती छातीशी धरून बसली होती. मी म्हटलं, "सिस्टर, पेटीत ठेवायला हवी."

"ठिवू गं. जरा धरू दे," ती म्हणाली. "ऊन हाय आजून."

मग तिने बाटली माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि सवयीने काट्यावर जाऊन उभी राहिली.